कुलूप, किल्ली आणि ग्रंथपाल

"ग्रंथालयाचा इतिहास लिहून द्या," असे आमच्या हेडसरांनी मला सांगितले, तेव्हा मी शाळेच्या मागल्या व्हरांड्यात खिचडीच्या तांदळाची पोती मोजत होतो. मी या शाळेचा ग्रंथपाल आहे हे हेडसरांना एकाएकी आठवलेले पाहून माझा हिशेब चुकला, आणि पोती पुन्हा एकपासून मोजावी लागली.

शाळेची स्मरणिका निघणार होती. "दोन पानं पुरे," हेडसर म्हणाले, "तिसऱ्या पानावर खताच्या दुकानाची जाहिरात आहे."

मी अर्धवेळ ग्रंथपाल आहे. शाळेत पोरे किती यावर ग्रंथपाल पूर्ण ठेवायचा की अर्धा, हे ठरते. आमची पोरे अर्ध्या ग्रंथपालापुरतीच भरली. बाकीचा अर्धा वेळ मी माझ्या घरी घालवावा अशी कागदोपत्री सोय आहे. प्रत्यक्षात तो तांदूळ, जनगणना, मतदारयाद्या, शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि रजेवर गेलेल्या मास्तरांचे तास यांत जातो. उरलेल्या वेळात मी ग्रंथपाल असतो. अशा माणसाला कोणी 'इतिहास लिही' म्हटले, की तो दोन पानांत थांबत नाही. थांबला नाही म्हणून तर हा लेख तुमच्यापुढे आहे.

आधी गाव सांगतो, कारण तिथूनच घोटाळा आहे. जळकोट दोन आहेत. आमचे तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे, नळदुर्गच्या पुढचे. दुसरे उदगीरकडले. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा निघेपर्यंत ही दोन्ही जळकोटे एकाच उस्मानाबाद जिल्ह्यात नांदत होती. पुढे तिकडचे जळकोट तालुक्याचे गाव झाले. आमचे रस्त्याच्या कडेला होते तिथेच आहे; फक्त रस्ता चौपदरी झाला आणि जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. पुस्तकांचे पार्सल मागवावे तर ते आधी तिकडे जाऊन येते. आमची कित्येक पुस्तके आमच्यापेक्षा जास्त फिरलेली आहेत.

आता ग्रंथांचा इतिहास. मराठवाड्यात ग्रंथ नव्हते असे कोणी म्हणत असेल तर त्याने अंबाजोगाईला जावे. तिथल्या दासोपंतांनी (१५५१ ते १६१५) इतके लिहिले, की कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी कापडावर लिहायला घेतले. त्यांची 'पासोडी' सुमारे चाळीस फूट लांब आहे. चाळीस फुटांचे कापड, आणि त्यावर पंचीकरणाचे तत्त्वज्ञान! ग्रंथपालाच्या दृष्टीने याहून आदर्श पुस्तक नाही. खिशात घालून पळवता येत नाही, पान फाडता येत नाही, आणि घरी नेलेच तर परत करताना घडी घालायला चार माणसे लागतात.

त्याच सुमारास, म्हणजे १६१३ साली, आमच्या शेजारी नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर धरण बांधून त्याच्या पोटात पाणीमहाल उभा राहिला. तो बांधवणारा दुसरा इब्राहिम आदिलशहा स्वतः लेखक होता. 'किताब-ए-नौरस' हा संगीतावरचा ग्रंथ त्याचाच. आमच्या शाळेची सहल दरवर्षी पाणीमहाल बघायला जाते, धबधब्याखाली फोटो काढते, आणि भजी खाऊन परत येते. राजाने पुस्तक लिहिले होते हे मी एकदा बसमध्ये सांगितले. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, परीक्षेला हाय का?"

मी "नाही" म्हणालो. इतिहास तिथेच संपला.

पुढे १८५३ साली निजामाने नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, आणि तिथे कारभार बघायला आला मेडोज टेलर. ठगांवरची त्याची कादंबरी १८३९ सालीच विलायतेत गाजलेली होती. नळदुर्गात चार वर्षे राहून गेल्यावर त्याने १८६३ साली 'तारा' ही कादंबरी छापली. तिची सुरुवात होते तुळजापुरात! म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावावर दीडशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये इंग्रजी कादंबरी निघालेली होती. एवढा थोर वारसा असल्यावर ते पुस्तक आमच्या शाळेत असायला नको? मी मागणी केली. वर्षभराने कपाटात नवी पुस्तके आली. 'यशस्वी शेळीपालन', प्रती पंचवीस.

टेलरसाहेब गेले, १८६० मध्ये नळदुर्ग पुन्हा निजामाकडे आले, आणि आमच्याकडे मराठी वाचणे हे हळूहळू धाडसाचे काम होत गेले. शिक्षण उर्दूतून. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. देशी भाषेतून उच्च शिक्षण ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. फक्त ती देशी भाषा आमच्या घरातली नव्हती, एवढेच. सभा भरवायची तर परवानगी, खासगी शाळा काढायची तर परवानगी, तालीम काढायची तर परवानगी. बाहेरच्या कित्येक वृत्तपत्रांना संस्थानात मज्जाव. मग जाणत्या लोकांनी वाचनालये काढली. हैदराबादेत तेलुगू मंडळींनी १९०१ मध्येच श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम उघडले होते. पुढे मराठी मंडळींचेही ग्रंथसंग्रहालय तिथे उभे राहिले. चार माणसे पुस्तकाभोवती बसली तर ती वाचतात की कट करतात, हे पोलिसाला लांबून कळत नाही. खरे सांगायचे तर त्या काळात या दोन्ही गोष्टींत फारसा फरकही नव्हता.

आमच्या जिल्ह्यातल्या हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटेश खेडगीकर नावाचे एक तरुण शिक्षक पुढे तिथे येऊन राहिले. तेच पुढे स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेते झाले. म्हणजे ज्या लढ्याने निजामाचे राज्य गेले, त्याचा एक धागा आमच्याकडच्या एका खेड्यातल्या शाळेतून निघतो. हे मी आमच्या स्टाफरूममध्ये मोठ्या अभिमानाने सांगितले. एक सहकारी म्हणाले, "त्या काळी शाळांना ऑनलाइन माहिती भरावी लागत नव्हती, म्हणून जमलं."

माझ्या आजोबांचा भाग इथे येतो. तो कुठल्या ग्रंथात नाही. म्हणून तो आमच्या घरच्या हमीवर वाचावा.

आमच्या गावाहून सोलापूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सोलापूर इंग्रजांचे, आम्ही निजामाचे. मधे करोडगिरीचा नाका. आजोबा बाजाराला सोलापूरला जात आणि येताना आजीसाठी बांगड्या आणत. दर खेपेला बांगड्या. नाक्यावरचा शिपाई जकातीसाठी बांगड्या मोजी. बांगड्या ज्या कागदात गुंडाळलेल्या असत त्या कागदाकडे त्याने कधी बघितले नाही. तो कागद म्हणजे त्या आठवड्याचे मराठी वर्तमानपत्र. रात्री गोठ्यात कंदिलाच्या उजेडात आजोबा सुरकुत्या सपाट करून ते मोठ्याने वाचत, आणि दहा-बारा माणसे वैरणीवर बसून ऐकत. त्यांतल्या नऊ-दहांना अक्षरओळख नव्हती. आजी सांगायची, "स्वराज्य आलं तवा माझ्या हातात कोपरापतूर बांगड्या हुत्या."

आणि स्वराज्य आले ते याच रस्त्याने. १३ सप्टेंबर १९४८ला पोलिस अॅक्शन सुरू झाली. सोलापूरकडून निघालेल्या फौजेने पहाटे नळदुर्गचा बोरीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला, आणि सकाळी नऊच्या सुमारास रणगाड्यांची तुकडी जळकोटात शिरली. दुपारी सव्वातीनपर्यंत ती पुढे उमरग्याला पोचली होती. १७ सप्टेंबरला सगळे आटोपले. भारताच्या लष्करी इतिहासात आमच्या गावाचे नाव वेळेसकट आलेले आहे. त्यानंतर आमच्या गावात कुठलीही सरकारी गोष्ट सकाळी नऊ वाजता वेळेवर आल्याची नोंद नाही. आजोबा म्हणत, रणगाड्यांचा आवाज ऐकून बैलांनी दावी तोडली. दुसऱ्या बाजारी आजोबांनी सोलापूरहून वर्तमानपत्र आणले ते हातात उघडे धरून. नाक्यावरच्या शिपायाने ते वाचायला मागितले म्हणे.

ही कथा मी दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, सातवीच्या वर्गात सांगतो. गेल्या वर्षी एका पोराने विचारले, "सर, मग बांगड्यांचं काय झालं?" एवढ्या कथेत त्याला बांगड्यांची चिंता. पण निदान त्याने प्रश्न विचारला, परीक्षेला आहे का म्हणून नाही विचारले. मी त्याला मनातल्या मनात पास केला.

आता शास्त्र. ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम मी रीतसर पुरा केला आहे. अमेरिकेत मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ साली सगळ्या जगाचे ज्ञान दहा भागांत वाटले. आमच्या शिपाईमामांनी ते तीन भागांत वाटले: जाड, मध्यम आणि बारीक. उंदरांनी एकाच भागात वाटले: खळ लावलेले. मी तीस वर्षे या तीन पद्धतींमध्ये मेळ घालतो आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मला नोकरीला लागून चारच महिने झाले होते. आमच्याकडे जीवितहानी झाली नाही. कपाटे मात्र सरकली आणि पुस्तके एकमेकांत मिसळली. तिकडे गावेच्या गावे गेली होती, त्यामुळे पुस्तकांबद्दल बोलायची लाज वाटली आणि मी कोणापाशी काही बोललो नाही. ती आजतागायत पूर्ण लागलेली नाहीत.

आपल्याकडचे या शास्त्राचे जनक शियाळी रामामृत रंगनाथन. मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत इतके कंटाळले, की परत शिकवायला पाठवा म्हणून तक्रार घेऊन गेले. विद्यापीठाने त्यांना विलायतेला पाठवले. तिथली ग्रंथालये बघून त्यांचा जन्म बदलला. मीही पहिल्या आठवड्यात कंटाळून हेडसरांकडे गेलो होतो. त्यांनी मला तांदळाच्या गोदामाकडे पाठवले.

१९३१ साली रंगनाथन यांनी पाच सूत्रे सांगितली. पुस्तके उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. ही पाचही सूत्रे मी पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात लिहून भिंतीवर लावली आहेत. त्यांतले चौथे सूत्र आमच्याकडे तंतोतंत पाळले जाते. वाचकाचा वेळ इतका वाचवला जातो, की तो ग्रंथालयात येतच नाही.

त्याच्याही आधी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी हे करून दाखवले होते. १९०६ साली सगळ्या संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण. मग त्यांच्या लक्षात आले, की शिकलेला माणूस वाचायला काही नसेल तर चार वर्षांत पुन्हा निरक्षर होतो. म्हणून १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला, गावोगाव वाचनालये काढली, आणि जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठवल्या. पेट्या! गावात पुस्तके उघडी पडणार, हरवणार, फाटणार, हे राजाला माहीत होते. तरी पाठवल्या.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. शाळेचे ग्रंथालय त्यात बसत नाही. शाळेच्या ग्रंथालयाला वेगळाच कायदा असतो. तो कुठे छापलेला नाही, पण मला पाठ आहे: पुस्तक हरवले, तर ते ग्रंथपालाने भरून द्यावे.

वाचकहो, सगळी गोम इथे आहे. सांगायला लाज वाटते, पण इतिहास लिहायला बसल्यावर स्वतःला वगळता येत नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तपासणीत सात पुस्तके कमी निघाली. त्यांची किंमत माझ्या अर्ध्या पगारातून कापली गेली. त्या संध्याकाळी मी नळदुर्गला जाऊन अकरा कुलुपे विकत आणली. कपाटे अकरा होती. त्यानंतर एकही पुस्तक हरवले नाही. दर तपासणीत शेरा पडे, 'ग्रंथसंपदा सुस्थितीत.' मी तो शेरा घरी बायकोला वाचून दाखवी.

त्या काळी नववीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत यायचा. त्याला विश्वकोशाचा खंड हवा असे. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आमच्याकडे नऊ-दहा खंड होते. संदर्भग्रंथ, घरी न्यायचा नाही. तो म्हणे, "इथंच बसून वाचतो." मी म्हटले, "हात धुऊन ये." तो धुऊन आला. मी म्हटले, "ओले आहेत, पुसून ये." पुसून आला तोवर घंटा झाली. असे आठवडाभर चालले. पुढच्या सोमवारी तो आला नाही. मला हायसे वाटले, कारण खंडाचे पान दुमडले असते तर शेरा बदलला असता.

मग मी तीस वर्षे काय केले? पोरे वाचत नाहीत म्हणून हळहळलो. गाइडांना नावे ठेवली. अपेक्षित प्रश्नसंचांना ठेवली. टीव्हीला ठेवली, मग केबलला, मग मोबाइलला. आईबापांना ठेवली, आणि ते तरी कमी का? एका पालकाने मला गंभीरपणे बजावले होते, "सर, त्याला पुस्तकं देत जाऊ नका. अभ्यास सोडून वाचत बसायलाय." १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला मी नावे ठेवली. डॉ. कलामांच्या जयंतीला २०१५ पासून हा दिवस असतो. त्या दिवशी पन्नास पुस्तके बाहेर काढायची, पाचवीच्या हातात द्यायची, फोटो काढायचा, काढून घेऊन सहावीच्या हातात द्यायची, फोटो. दुपारपर्यंत सगळी शाळा वाचलेली असते. एकदा एका पोराने पुस्तक उघडून खरेच वाचायला सुरुवात केली, तर रांग अडली म्हणून ओरडा बसला. ओरडणारा मीच होतो.

जानेवारी २०२०ला उस्मानाबादेत साहित्य संमेलन भरले, फादर दिब्रिटो अध्यक्ष. आम्ही स्टाफ मिळून गेलो. ग्रंथप्रदर्शनात खेड्यापाड्यांतली माणसे पिशव्या भरून पुस्तके घेत होती. फेटेवाले, नऊवारीतल्या बाया, कॉलेजची पोरे. म्हणजे आमच्या भागात लोकांना वाचायचे नव्हते हे माझे तीस वर्षांचे संशोधन तिथल्या तिथे कोसळले. येताना बसमध्ये मी गप्पच होतो. सहकाऱ्यांना वाटले, गाडी लागली असेल.

आणि परवा तो आला. नववीतला तो मुलगा. आता चाळिशी ओलांडलेला. महामार्गावर ट्रक चालवतो, सोलापूर ते हैदराबाद. मुलीचा दाखला न्यायला आला होता. जाताना दारात घुटमळला. म्हणाला, "सर, ती जाडजूड पुस्तकं हाईत का अजून?"

"आहेत," मी म्हणालो. "सुस्थितीत."

"पोरगी सहावीत हाय. लई प्रश्न विचारती. जरा बघू द्या तिला." मग हात पुढे करून हसला. "धुऊन आलाव, सर."

तो चेष्टेने म्हणाला. मी किल्ली शोधायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

कुलूप उघडेना. गंजले होते. शिपाईमामांनी हातोडीने तोडले. आत विश्वकोशाचे खंड होते. वरून कोरे करकरीत. उघडले तर मधली पाने कसरीने खाऊन चाळणी झालेली. तीस वर्षे मी जे राखले ते कसरीने वाचले. तिचे हात धुतलेले होते की नाही कोण जाणे.

त्या रात्री मला करोडगिरीच्या नाक्याचा शिपाई आठवला. तो बांगड्या मोजायचा आणि कागद सोडून द्यायचा. मी कागद मोजत बसलो आणि एकही सोडला नाही. दोघांत मराठी वाचनाची सेवा कोणी जास्त केली, याचा निकाल मी तुमच्यावर सोपवतो. सात पुस्तके हरवली ती माझ्या पगारातून वसूल झाली. जे वाचक हरवले, ते कोणाच्या पगारातून वसूल करायचे?

मोबाइलला मी उगीचच एवढे बोललो. विश्वकोश आता त्यावर फुकट वाचता येतो. हे मी दुसऱ्या दिवशी मुलांना सांगितले तर कोणाला ठाऊक नव्हते. त्यांना सांगायचे काम ज्याचे, तो तांदूळ मोजत होता.

आता ग्रंथालयाच्या खोलीत डिजिटल वर्ग होणार आहे. येत्या मे महिन्यात मी निवृत्त होतो. माझे अर्धे पद भरले जाईल अशी लक्षणे नाहीत. पुस्तके गोण्यांत भरून गोदामात ठेवा असा निरोप आहे. मी अजून भरलेली नाहीत. उरलेली दहा कुलुपे काढली, शाबूत पुस्तके व्हरांड्यात बाकांवर मांडली, आणि पुठ्ठ्यावर लिहिले, 'न्या.' पहिल्या आठवड्यात चौदा पुस्तके गेली, पाच परत आली. तपासणी झाली तर माझे काही खरे नाही. पण निवृत्तिवेतनात अर्धवेळ माणसाचे कापण्यासारखे असते तरी काय!

ट्रकवाल्याच्या मुलीने विश्वकोशाचा वाचलेला एक खंड नेला होता. तो परवा परत आला. पान दुमडलेले, आणि त्यावर कालवणाचा पिवळा डाग. मी दाखल रजिस्टर उघडले, शेऱ्याच्या रकान्यात 'डाग पडला' असे लिहिणार होतो. मग लिहिले, 'वाचले.'

स्मरणिका निघाली. हेडसरांनी माझा इतिहास वाचला आणि फार लांब आहे म्हणून कापला. जागा खताच्या जाहिरातीला गेली. ग्रंथालयाबद्दल एकच ओळ छापली आहे: 'शाळेचे ग्रंथालय समृद्ध असून ग्रंथसंपदा सुस्थितीत आहे.'